बसा, जहाज हलणार नाही

दोन रात्री-तीन दिवसांत गोव्याचा कॅसिनो 'वसूल' कसा करावा, याचं मोफत मार्गदर्शन करणाऱ्यांचा सध्या सुकाळ आहे. शनिवारपेक्षा मंगळवारी जा, दुपारी जेवू नका, चिप्स एकदम घेऊ नका, पाकीट बायकोकडे द्या. सगळं सांगतात. जहाज हलत नाही, एवढं मात्र कुणी सांगत नाही.

खरंच हलत नाही. पणजीच्या धक्क्यावर तुम्ही माणशी काही हजार रुपये भरता, मनगटाला पट्टी चिकटवून घेता आणि लाँचमध्ये बसता. वारा लागतो, केस उडतात, 'ऑन क्रूझ' असं स्टेटस पडतं आणि त्यावर पहिला अंगठा यायच्या आत लाँच थांबते. समोर जहाज. मजल्यावर मजले, ढीगभर दिवे, आत गालिचे. मांडवीत नांगर टाकून जे उभं आहे ते उभंच आहे. रात्रभर तुम्ही त्यात बसता, खाता, पिता, हरता आणि पहाटे जिथून निघालात तिथेच उतरता. इतक्या पैशात इतका कमी प्रवास रिक्षावाल्यांनीही कुणाला घडवलेला नाही.

मला त्या जहाजाच्या कप्तानाची फार काळजी वाटते. जहाज म्हटलं की कप्तान आलाच. तो सकाळी उठून करत काय असेल? दुर्बीण डोळ्याला लावून पणजी काल होती तिथेच आहे ना, हे बघत असेल. नोंदवहीत 'मुक्काम : मांडवी' लिहीत असेल आणि 'पुढील मुक्काम'च्या रकान्यात 'वरीलप्रमाणे'. शेजारीण त्याच्या बायकोला विचारत असेल, "काय हो वहिनी, साहेब कुठवर पोचले?" वहिनी पडदा सारून म्हणत असतील, "हे काय, दिसतायत की." बिचाऱ्याने लहानपणी जगप्रवासाची स्वप्नं बघितली असतील, परीक्षा दिल्या असतील, तारे वाचायला शिकला असेल. आता रोज रात्री त्याला तारे दिसतात, पण त्यांचा उपयोग नाही. उलट खालच्या मजल्यावर ज्यांना तारे दिसतात, त्यांना दिशा कळायची सोय राहिलेली नसते.

आता मुळात जहाजच का? तर कायदा आहे म्हणून. गोव्याचा १९७६ चा कायदा जुगाराला बंदी घालण्यासाठीच झाला. पुढे १९९२ मध्ये त्यात कलम '१३-अ' आलं आणि पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रं चालतील असं ठरलं. मग पत्त्यांची आणि रूलेटची टेबलं किनाऱ्यापलीकडच्या जहाजात चालतील, अशी भर पडली. म्हणजे तेच टेबल, तेच पत्ते, वाटणारा माणूसही तोच. जमिनीवर गुन्हा, पाण्यावर पर्यटन. ज्या देशात समुद्र ओलांडला म्हणून लोकांना वाळीत टाकत, पंचगव्य पाजून प्रायश्चित्त देत, त्याच देशात आता हाक मारली तर ऐकू जाईल एवढं पाणी ओलांडलं की माणूस शुद्ध होतो.

आपण मात्र हसू नये. महाराष्ट्रानेही त्याच १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला होता. त्यांच्यावर नियंत्रण कसं ठेवायचं, कर कसा घ्यायचा, सगळं त्यात होतं. अमलात आणायचा तेवढा राहून गेला. अखेर २०२३ मध्ये तो रद्द केला. म्हणजे गोव्यात जुगार बंद करणारा कायदा आणि दारात कॅसिनो, इकडे कॅसिनोंना मुभा देणारा कायदा आणि कॅसिनोचा पत्ता नाही. दोन्ही कायदे एकाच साली जन्मलेले. प्रसूतिगृहात पाळणे बदलावेत तसा काहीतरी घोळ तेव्हा झाला असणार.

या घोळामुळे आमच्या साडूंना गोव्याला जावं लागतं. त्यांचा बेत मी पाहिला आहे, एक्सेलमध्ये आहे. शुक्रवारी रात्री स्वारगेटहून बस. शनिवारी सकाळी मंगेशी, कारण कुलदैवत आहे आणि संध्याकाळी काय करणार ते त्याच्या कानावर घातलेलं बरं. देवळात हाफ पँट चालत नाही, कॅसिनोतही चालत नाही. त्यामुळे साडू एकच फुल पँट नेतात आणि वाचलेल्या वजनाबद्दल स्वतःची पाठ थोपटतात. दर्शनानंतर उपवास. देवासाठी नाही, बुफेसाठी. भर दुपारी पणजीच्या खाणावळींतून सुंगटाच्या हुमणाचा वास सुटलेला असतो, तिसऱ्यांचं सुकं तव्यावर असतं आणि हा गृहस्थ लॉजवर पंख्याकडे बघत पडून राहतो. मग रात्री जहाजात जाऊन पनीर टिक्का आणि दाल मखनी खातो! अहो, पनीर खायला घाट उतरून गोव्यात? पुण्यात काय पनीरला संचारबंदी आहे?

साडू पीत नाहीत. पण दारू पॅकेजमध्येच धरलेली आहे हे कळल्यापासून त्यांना चैन नाही. शेवटी ते दारूच्या हिशेबाचं कोल्ड्रिंक पितात. गोड कोल्ड्रिंक आणि कॅसिनो या दोघांवर २०२५ च्या सप्टेंबरपासून जीएसटी एकच आहे, ४० टक्के, हा योगायोग त्यांना माहीत नसावा. शिवाय चिप्सवरचा कर २०२३ च्या ऑक्टोबरपासून पूर्ण रकमेवर लागतो. तुम्ही पुढे जिंकलात की हरलात, याची चौकशी सरकार करत नाही. कुणीही खेळायला बसण्याआधी टेबलावरचा एक भिडू जिंकून घरी गेलेला असतो. रूलेटचंही तेच. एका शून्याच्या चक्रात खण ३७. तुमचा आकडा आला तर पस्तीसपट मिळतात आणि लावलेले परत, म्हणजे ३६. साडूंच्या एक्सेलमध्ये गुलाबजामांपर्यंत सगळ्याची बेरीज आहे, ही एवढी वजाबाकी नाही.

इथवर ठीक आहे. ज्याचे पैसे, त्याची हौस. पण पणजीत राहणाऱ्या माणसाचं काय? गोव्याच्या रहिवाशाला २०२० च्या फेब्रुवारीपासून कॅसिनोत जाऊन खेळायला बंदी आहे. आमच्या साडूंचं आधार कार्ड चालतं, मांडवीकाठी जन्मलेल्या माणसाचं चालत नाही. का, तर इथली घरं बसतील. म्हणजे घरं बसतात, हे कबूल आहे. सरकारी पातळीवर कबूल आहे. फक्त ती पुण्याची, कोल्हापूरची, बेळगावची, हैदराबादची बसली तर हरकत नाही, तो आमचा महसूल. असं उघड बोलायला जी निर्लज्जता लागते तिला आजकाल धोरण म्हणतात. आणि ज्याला आत बंदी, त्याच्या दाराशी मात्र रात्रभर भाड्याच्या गाड्या, हॉर्न, ओकाऱ्या. सकाळी तोच माणूस पाव आणायला निघतो तेव्हा फोंतेन्हासमधल्या त्याच्याच घराच्या भिंतीला टेकून कुणीतरी फोटो काढत असतं आणि त्यालाच म्हणतं, "काका, जरा फ्रेममधून बाजूला व्हा." नदी त्याची, पण रात्री तिच्याकडे बघितलं तर पाणी दिसत नाही, पाट्या दिसतात. ही जहाजं मांडवीतून हलवणार, हे त्याने इतक्या वेळा ऐकलंय की तो आता ऐकून हसतही नाही. मुदत संपते, मुदत वाढते, परत संपते, परत वाढते. रस्त्यावरच्या शहाळेवाल्याची गाडी दहा मिनिटांत उचलून नेणारी यंत्रणा याच देशात आहे. त्या गाडीला तर चाकंही असतात आणि तो स्वतः "हलवतो, साहेब" म्हणत असतो. पण नांगर उचलायची वेळ आली की सगळ्यांची कंबर धरते.

हलणारी बोट पाहिजेच असेल तर ती त्याच मांडवीत आहे. पणजीहून समोर बेतीला फेरीबोट जाते. दुचाक्या, भाजीच्या पिशव्या, शाळेची पोरं, सगळी एकाच फलाटावर दाटीवाटीने उभी राहतात. चालत चढणाऱ्याला तिकीट नाही. थोड्याच वेळात पलीकडचा किनारा येतो, आणि विशेष म्हणजे तो खरोखर दुसराच किनारा असतो. साडूंना हे सांगून पाहिलं. त्यांनी एक्सेल उघडलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "जेवण धरून आहे का? आणि फुकटच असेल, तर वसूल काय करायचं?"