यवतमाळचे ॲडमिरल

यवतमाळहून समुद्र गाठायचा तर रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या वर जावं लागतं. तरीही जिल्ह्यात तालुक्याच्या प्रत्येक गावी एखादा ॲडमिरल सापडतोच. हा बहुधा निवृत्त असतो; पाटबंधारे, वीज मंडळ, बँक, यांपैकी कुठून तरी. ग्रॅच्युइटी हाती आलेली, गुडघे अजून वळणारे, मुलगा पुण्यात नाहीतर अमेरिकेत. अशा वयात काही जण भजनी मंडळात जातात, काही प्लॉटच्या व्यवहारात पडतात. ॲडमिरल पाण्यात पडतात. म्हणजे पडणार असतात. सध्या अभ्यास चालू आहे.

आमच्या ॲडमिरलना ही पदवी नौदलाने दिलेली नाही, चौकातल्या चहाच्या टपरीने दिली. जिल्ह्यातलं एकूण एक धरण त्यांच्या जिभेवर असतं. बाभूळगावकडे बेंबळा, दिग्रसला अरुणावती, पुसदला पूस, दक्षिणेच्या टोकाला पैनगंगेवरचं इसापूर, आणि शहराला पाणी पाजणारी निळोणा नि चापडोह. दुसरा माणूस धरण पाहिलं की पाणी किती टक्के आहे ते विचारतो. हे विचारतात, “लाट किती उंच उठते?” कारण लाटेवर बोटीचा तळ ठरतो, तळावर बोट ठरते आणि बोट अजून ठरायची आहे.

त्यासाठी एक जाडजूड रजिस्टर आहे. त्यात रकाने आखलेले. फायबरची बोट दणकट, पण खडकावर आपटली की तडकते. ॲल्युमिनियमची हलकी, पण उन्हात तापते; आणि यवतमाळचं ऊन मे महिन्यात ४४-४५ अंशांवर जातं, म्हणजे बसायच्या जागी पोळी भाजता येईल. व्ही आकाराचा तळ लाटा कापतो, सपाट तळ उथळ पाण्यात शिरतो. हवा भरायची रबरी बोट सगळ्यात सोयीची, दिवाणात मावते. तिच्यावर जवळजवळ शिक्कामोर्तब झालं होतं. पण रबरी बोटीचे कॅटलॉग ज्या देशांत छापतात तिथे बाभळी नसतात. आमच्या धरणांच्या काठाला बेशरम आणि बाभूळ यांच्याशिवाय तिसरं झाड शोधावं लागतं. ॲडमिरलनी रकान्यात लाल शाईने लिहिलं, ‘काटा’. बोट बाद.

मग मोटर. विजेवर चालणाऱ्या छोट्या मोटरींचा जोर पौंडांत मोजतात आणि दर शंभर पौंड वजनामागे दोन पौंड जोर धरावा असा ठोकताळा आहे. म्हणजे आधी वजन काढायला हवं. बोटीचं वजन कॅटलॉगात मिळालं, स्वतःचं दवाखान्यातल्या काट्यावर मिळालं. हिशेब पक्का व्हावा म्हणून त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन पत्नीलाही तिचं वजन विचारलं, आणि पौंडांत सांग म्हणाले. त्या दिवशी घरात दोन्ही वेळा खिचडी झाली आणि ती कोणीही न बोलता खाल्ली. पुढे बॅटरीचा प्रश्न आला. मोटरला १२ व्होल्टची, बराच वेळ टिकणारी बॅटरी लागते. तशी एक घरात होतीच, इन्व्हर्टरची. १५० अँपिअर-अवरची ही ट्यूब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलो भरते, म्हणजे बोटीत ती ठेवली की एक माणूस काठावर ठेवावा लागतो. पण हिशेब मांडण्यासाठी ॲडमिरलनी ती सोडवून अंगणात आणली, आणि त्याच संध्याकाळी आमच्या फीडरची लाइट गेली. अंधारात घरातून फक्त एकच वाक्य ऐकू आलं, “आता बसा बोटीत.”

या सगळ्या काळात धरणावर मासेमारी चाललेलीच असते. धरण मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेलं असतं. संस्था रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली पाण्यात सोडते, ती वाढतात, आणि सभासद जाळी लावून काढतात. हे सभासद बहुतेक भोई नाहीतर ढिवर. त्यांच्यापाशी व्ही तळ नाही आणि सपाट तळही नाही. कोणी लाकडी डोंग्यात असतो, कोणी ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर, कोणी थर्माकोलचे तुकडे दोरीने आवळून केलेल्या तराफ्यावर मांडी घालून. दोन हातात दोन फळ्या, तेच वल्हं. ॲडमिरल त्यांना काठावरून लाइफ जॅकेटचं महत्त्व सांगतात. त्यांच्या एवढ्या अभ्यासात हा भाग शंभर टक्के खरा आहे, म्हणून त्यांनी स्वखर्चाने दोन जॅकेटं आणून दिलीही. ती आता संस्थेच्या झोपडीत दुपारच्या झोपेला उशाशी असतात.

पण ॲडमिरल खरे खुलतात ते बोटीवर नाही, मासे शोधण्याच्या यंत्रावर. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याची वाटी आडवी ठेवून ते समजावतात: यंत्राचा ट्रान्सड्यूसर पाण्यात आवाज सोडतो. माणसाला ऐकू न येणारा. २०० किलोहर्ट्झचा म्हणजे सेकंदाला दोन लाख कंपनं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. तो तळावर आपटून परत येतो, लागलेल्या वेळावरून खोली निघते. मध्ये मासा आला की त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून आवाज उलटतो. म्हणजे यंत्राला मासा असा दिसतच नाही, माशाच्या पोटातली हवा दिसते. शंकू वीस अंशांचा असेल तर तळाशी खोलीच्या साधारण एक तृतीयांश रुंदीचं वर्तुळ दिसतं; नऊ मीटर खोल पाण्यात जेमतेम तीन मीटर. जास्त रुंद पाहायचं तर कंपनं कमी करा, मग बारकावा जातो. बारकावा हवा तर कंपनं वाढवा, मग खोली जाते. इथवर येईतो वाढपी जिलेबी घेऊन तीनदा पुढे गेलेला असतो.

इतिहासही तयार असतो. जपानमध्ये नागासाकीकडच्या फुरुनो बंधूंनी १९४८ साली मच्छीमारांना खरोखर वापरता येईल असं पहिलं यंत्र बाजारात आणलं. तेव्हा ते कागदावर रेघोट्या मारायचं. आज कोकणातल्या ट्रॉलरवर तांडेलाच्या समोर त्याचा रंगीत पडदा असतो. २०१८ साली गार्मिनने लाइव्हस्कोप आणलं, त्यात मासा शेपूट हलवताना दिसतो आणि गळाकडे येऊन तोंड फिरवून जातानाही दिसतो. याची किंमत लाखाच्या वर. म्हणजे पूर्वी मासा आपल्याला नाकारायचा ते पाण्याखाली, झाकली मूठ असायची. आता लाख रुपये भरून अपमान डोळ्यांनी पाहायचा.

ॲडमिरलनी शेवटी एक साधं यंत्र मागवलंच. बोट नसल्यामुळे त्याची चाचणी शेजारच्या वाड्यातल्या विहिरीत झाली. अशा यंत्रात एक सोय असते: तळापासून सुटं, मधल्या पाण्यात जे काही असेल त्याला ते माशाचं चित्र लावून मोकळं होतं. दोरीला बांधलेला ट्रान्सड्यूसर पाण्यात सोडला. पडद्यावर खोली आली, तळ आला आणि तीन मीटरवर एक गलेलठ्ठ मासा आला. ॲडमिरलनी मान पडद्यात घातली आणि ओठांवर बोट ठेवून आम्हाला गप्प केलं. मासा हळूहळू वर येऊ लागला. अडीच मीटर. दोन. “पाहा! आमिषाशिवाय वर येतो आहे!” दीड मीटरवर पलीकडच्या कठड्यावरून काकूंचा आवाज आला, “भाऊजी, तुमची दोरी बाजूले घ्या जी. माही बादली अडकून राहिली.”

अशा माणसाला संकट हे संकट वाटत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले, आणि सारं यवतमाळ ड्रम, पिंप, कळशा मांडून टँकरची वाट पाहत बसलं. ॲडमिरलही रांगेत होते. पण नंबर लागेपर्यंत ड्रम आमच्या हवाली करून ते निळोण्याच्या कोरड्या तळात उतरले आणि खड्डे, खडक, जुनी पायवाट यांचा नकाशा काढून आले. “तळ असा उघडा पुन्हा मिळायचा नाही,” म्हणाले. पाणी भरल्यावर मासे कुठे बसतात हे कळायला तळ माहीत लागतो, ही गोष्ट शास्त्रशुद्ध होती. ऐकणाऱ्यांच्या हातात रिकाम्या कळशा होत्या, त्यामुळे दाद जरा कमी मिळाली.

त्यानंतर मुलाने त्यांना एका हिवाळ्यात मिनेसोटात नेलं. दहा हजार तळ्यांचं म्हणून मिरवणारं हे राज्य डिसेंबरात गोठतं, आणि तिथली माणसं तळ्यावर चालत जातात, बर्फाला गिरमिटाने भोक पाडतात, वर तंबू नाहीतर लाकडी खोपटं उभारतात, आत हीटर लावतात आणि भोकात गळ सोडून बसतात. ॲडमिरल परतले ते बर्फाचे आचार्य होऊन. चार इंच स्वच्छ, कडक बर्फ असेल तर माणसाने पाय ठेवावा, मोटारीला त्याच्या दुपटीहून जास्त लागतो. बर्फावर यंत्रही निराळं: गोल तबकडी, तिच्यावर रंगीत रेघा, एक तळाची, एक आपल्या आमिषाची, आणि तिसरी उमटली की तो मासा. बर्फावर बोट लागत नाही, हे सांगताना त्यांचा चेहरा जरा उतरला. मग रजिस्टरमध्ये गिरमिटांचे रकाने पडले. हाताचं, पेट्रोलचं, बॅटरीचं. यवतमाळात ते कुठे चालवणार असं विचारणारा माणूस त्यांच्या लेखी अजून बालवाडीत असतो. सामान आधी घ्यायचं असतं, प्रसंग मागून येतो.

ही सगळी विद्या त्यांनी बेंबळ्याच्या काठावर संस्थेच्या एका जुन्या सभासदाला ऐकवली. त्यांना सगळे मामा म्हणतात. मामा जाळ्याची गाठ मारता मारता ऐकत होते.

“चार इंच बर्फ झाला की पुरे, मामा.”

“चार इंचानं काय होते साहेब? लादी तं बाजारात जाईपर्यंत निम्मी पान्यात जाते. उन्हायात एका खोक्याले अख्खी लागते. तुमच्या तिकडे लादी काय भावानं हाय?”

ॲडमिरलना भाव माहीत नव्हता. मिनेसोटात बर्फ फुकट असतो, एवढंच ते म्हणाले. मामांच्या हातातली सुई थांबली. त्या दिवसापासून अमेरिका हा प्रगत देश आहे हे मामांना मान्य झालं.

मग एकदाचा तो दिवस आला. बोट ठरलेली नव्हतीच, तेव्हा संस्थेच्या डोंग्यातून जायचं ठरलं. ॲडमिरल टोपी, गॉगल, लाइफ जॅकेट आणि मांडीवर यंत्र घेऊन मध्ये बसले. मामा वल्ह्यावर. काठापासून लांब गेल्यावर पडद्यावर कमानी उमटू लागल्या. “कमान! सात मीटरवर कमान! मामा, मासा!” मामांनी मान वळवली नाही. ते दूरवर बुड्या मारणाऱ्या पाणकावळ्यांकडे पाहत होते. “असंन ना साहेब. तिथं असतेच तो.” पुढे पुन्हा कमान. “हो, तिथंबी असते.”

आणखी पुढे तळातून वर आलेले जाड, काळपट सुळके दिसले. ॲडमिरल नाराजीने म्हणाले, “हे काही नाही, झाडाचा बुंधा असावा. बुडालेला.” मामांनी वल्हं टाकलं, सरकत आले आणि पडद्याला नाक लावलं. “खुंट दिसते याच्यात?”

“दिसतो. पण आपल्याला मासा—”

“मासा राहू द्या ना बाप्पा! मासा आमाले मालूम हाय. खुंट नाइ मालूम. खुंट दाखवा.”

धरण भरलं तेव्हा बुडालेली झाडं तळात तशीच उभी राहतात. पाण्यातला बुंधा सहज कुजत नाही, आणि नायलॉनचं जाळं त्याच्यात अडकलं की फाटून येतं, नाहीतर येतच नाही. मासा हुकला तर उद्या मिळतो, जाळं गेलं तर पदरचे पैसे जातात. हे कोणत्याही कॅटलॉगात नाही. कारण कॅटलॉग मासा शोधणाऱ्यासाठी असतो, जाळं विकत घेणाऱ्यासाठी नसतो. त्या दुपारी ॲडमिरल मांडीवरचं यंत्र पाहून “खुंट!” अशी आरोळी ठोकत होते आणि मामा तिथे दगड बांधून रिकामी प्लॅस्टिकची बाटली सोडत होते. कमानी येत होत्या, जात होत्या, त्यांच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. बाटल्या संपल्या तेव्हाच डोंगा वळला.

काठावर आल्यावर मामांनी सकाळच्या मालातला दोनेक किलोचा लखलखीत रोहू काढला आणि ॲडमिरलपुढे धरला. “हे तुमचं. मजुरी समजा.”

ॲडमिरल दोन पावलं मागे सरले. “नको नको. घरी चालत नाही. आम्ही खात नाही.”

मामांनी रोहूकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, जॅकेटकडे पाहिलं. “खातच नाइ? मंग एवढं सारं कायले?”

“शोधायला.”

मामांना ते पटलं नाही, पण मजुरी उरली हे पटलं. रोहू परत खोक्यात जाणार तोच ॲडमिरलनी त्यांना थांबवलं. बोटांभोवती रुमाल गुंडाळून त्यांनी मासा शेपटीकडून उचलला, हात होतील तेवढे लांब करून कॅमेऱ्याच्या दिशेने धरला आणि दोन किलोचा रोहू फोटोत आठ किलोचा करून घेतला. तो फोटो मिनेसोटाला गेला. घरी जायला निघताना ते मामांना म्हणाले की खुंटासाठी हे यंत्र अपुरं आहे, दोन्ही बाजूंना पाहणारं मॉडेल वेगळं मिळतं, त्यात तीन कंपन्या आहेत, निवडायला थोडा वेळ लागेल.

मामा म्हणाले, “घ्या ना सवडीनं. तवरोक हेच ठेवून जा.”