मिरचीकाका

प्रत्येक सोसायटीत एक मिरचीकाका असतातच. बँकेतून निवृत्त, साखर बॉर्डरवर, मुलगा परदेशात. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष ते सोसायटीच्या हिशेबातल्या चुका काढण्यात घालवतात. शेवटी कमिटीच हात जोडून सुचवते, "काका, तुम्ही बाग का नाही करत?" दुसऱ्या वर्षी गॅलरीत मिरची लागते.

बी विकत आणणं काकांना कमीपणाचं वाटतं. काकूंच्या डब्यातली ब्याडगी फोडून ते बी काढतात, रंगाच्या रिकाम्या बादल्यांना भोकं पाडतात, मृगात पेरतात आणि गणपतीच्या आरतीनंतर जाहीर करतात, "यंदाचं तिखट घरचं!" एक किलो वाळल्या मिरचीला साधारण ४ किलो ओली लाल मिरची लागते आणि आपल्याकडे सात झाडं आहेत, एवढी त्रैराशिकाची मांडणी जन्मभर व्याज काढलेल्या या गृहस्थांना सुचत नाही.

आल्यागेल्याला चहाच्या आधी गॅलरी दाखवली जाते. पोर्तुगीजांनी १६व्या शतकात मिरची गोव्यात कशी उतरवली, हे काका अशा थाटात सांगतात की जणू बंदरावर पावती यांनीच फाडली होती. ब्याडगीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हेही कानावर घालतात. ती मिरची हावेरीकडच्या मोकळ्या रानात दिवसभर तापते, हे मात्र गाळतात. कारण इथे ऊन साडेआठला येतं आणि समोरच्या टॉवरमुळे साडेदहाला जातं. मिरचीला रोज निदान सहा तास तरी ऊन हवं.

उन्हाची तूट काका खताने भरून काढतात. शेणखत, गांडूळखत, शिवाय नर्सरीवाला म्हणाला म्हणून चमचाभर युरिया. जीवामृताची बादली लिफ्टमधून गेली की चौथ्या मजल्यावरच्या वहिनी दोन दिवस जिना चढतात. नत्र जास्त झालं की झाड पानांतच रमतं, फुलांचं नाव काढत नाही. काका पानांवरच खूश! मग फुलं येतात ती नेमकी ऑक्टोबर हीटमध्ये. पारा ३५ अंशांकडे सरकला की ती गळतात. काका खापर फोडतात शेजाऱ्यांच्या एसीवर.

दिवाळीनंतर एकदाची मिरची धरते आणि काकांची झोप उडते. पहाटे टॉर्च घेऊन तपासणी सुरू. फूल धरल्यापासून मिरची पुरती भरायला महिना-सव्वा महिना लागतो, लाल व्हायला त्यापुढे आणखी दोन-तीन आठवडे. त्यात रात्रीचा पारा १२-१३ अंशांवर उतरला की रंगाचं काम आणखी रेंगाळतं. हे काकांना कळतं, पण पटत नाही. केळीच्या सालीचं पाणी होतं, ताकाची फवारणी होते. कुणीतरी सांगतं, मिरच्या तोडून पिकल्या केळ्यांबरोबर पिशवीत बांधा. चार दिवसांनी केळी काळी पडतात, मिरच्या हिरव्या त्या हिरव्याच. कोवळी तोडलेली मिरची काही आढीत पिकत नाही. केळ्यांचं काकू शिकरण करतात.

काकूंचं धोरण साधं असतं: पोहे टाकायचे आणि गॅलरीतून दोन मिरच्या तोडून आणायच्या.

"अगं, ती राखीव होती!"

"अहो, मिरची खायलाच लावतात ना?"

मग काका निवडक झाडांना लाल दोरा बांधतात. गंमत अशी, की काकू ज्या झाडाच्या मिरच्या तोडतात ते फुलत राहतं. दोऱ्याचं झाड जुन्याच मिरच्या सांभाळत बसतं, नवं फूल धरत नाही.

पानाआड लपलेली एक मिरची अखेर लाल होते. "तिखट आहे, पाखरू शिवणार नाही," काका निर्धास्त. पण पाखरांच्या जिभेला मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. दुपारी पोपट येऊन ती घेऊन जातो.

खरा कहर होतो जानेवारीत. दोऱ्याच्या मिरच्या काळपट तपकिरी दिसू लागतात. हिरवा रंग ओसरत असताना लाल चढू लागला की मिरची अशीच दिसते. काका मात्र ओरडतात, "करपा पडला!" मिरच्या तोडून कचऱ्यात जातात, बाकीच्या झाडांवर निंबोळी अर्काचा मारा होतो. कचरा नेणाऱ्या मावशी त्या निवडून आपल्या खिडकीत ठेवतात. रंग फिरू लागलेली मिरची तोडल्यावरही पिकते. आठवड्याने मावशींच्या डब्यात लालबुंद ठेचा दिसतो.

"मावशी, मिरची कुठली हो? झकास आहे!"

"तुमच्याच कचऱ्यातली, काका."

तुमच्या सोसायटीतही असे काका असतील. त्यांच्या बादल्या गच्चीवर उन्हात न्यायला हात लावा, देतील तेवढ्या मिरच्या हिरव्याच घ्या आणि तोंडभर कौतुक करा. फक्त "लाल कधी होणार?" एवढं विचारू नका, ते लगेच युरियाची पुडी काढतील.