वळू किती कडक?

ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले, भिंतही चालवली. पण रेडा भिंतीवर धडकला तर आत सळई किती जाडीची घालावी, हे सांगायचं राहून गेलं. ते माझ्या वाट्याला आलं, तेही इंग्लंडमधल्या डेव्हनमध्ये. एका शेतकऱ्याला वळूच्या गोठ्याला काँक्रीटची भिंत हवी होती.

युरोकोड या बांधकामाच्या युरोपीय नियमावलीतला अपघाती भारांचा भाग उघडला. फार दूरदृष्टीचा ग्रंथ. त्यात इमारतीवर ट्रक आपटतो, फोर्कलिफ्ट आपटते, आगगाडी घुसते, जहाज येतं, छपरावर हेलिकॉप्टरही आदळतं. वळू मात्र नाही. लिहिणाऱ्यांपैकी एकाचीही सासुरवाडी खेड्यातली नसावी.

मग सूत्रालाच शरण गेलो. एक टनाचा वळू सेकंदाला ५ मीटरने आला, तर ऊर्जा साडेबारा किलोज्यूल. धक्क्याचं बळ काढायला मात्र धडकणाऱ्याची ताठरता लागते. आता वळू किती ताठर? कपाळाने आला तर एक आकडा, पोटाने आला तर दुसरा. शेवटी त्याला वाहन समजून मीटरला ३०० किलोन्यूटन धरले, तर बळ पावणेनऊ टनांवर गेलं! कोडच्या मते धडकेची ऊर्जा धडकणाऱ्यानेच पचवली, तर ती ‘कठीण’ टक्कर. म्हणजे भिंत शाबूत आणि कपाळमोक्ष वळूचा.

वळूंच्या स्वभावाचा अभ्यास इथे पार्लमेंटने केलाय. १९८१ च्या कायद्यानुसार जर्सी, गर्न्सी, आयरशायर अशा दुधाळ जातींचा दहा महिन्यांपुढचा वळू सार्वजनिक पायवाटेच्या कुरणात सोडायचा नाही. इतर जातींचा चालतो, पण सोबत गायी हव्यात. संसारी पुरुष कमी भडकतो, यावर लंडनमध्ये एकमत दिसतं.

शेतकरी माझे कागद बघून म्हणाला, “तो धावत कशाला येईल? त्याला खाज सुटते.” खरंच, गुरं भिंतीला टक्कर क्वचित देतात, रेलतात, रेटतात, अंग घासतात, तेही रोज. शेती-इमारतींच्या बीएस ५५०२ या ब्रिटिश मानकाकडे मी आधीच वळायला हवं होतं, पण हेलिकॉप्टरांत रमलो.

भिंत झाली. आठ इंची, दोन्ही अंगांनी सळया. तिच्या शेजारचं फाटक शेतकऱ्याने गवताचे गठ्ठे बांधायच्या निळ्या सुतळीने बांधलंय.