उचल

समाजकार्यात पीएच.डी. करायची म्हणजे आधी समाजाची रजा काढावी लागते. पेट ही प्रवेशपरीक्षा, मुलाखत, कोर्सवर्क, गाइडच्या दारातली ताटकळ. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार किमान 3 वर्षं, कमाल 6, सवलती वेगळ्या. तेवढ्यात एखादं मूल शाळेतून थेट उसाच्या फडात पोचतं.

आमच्या ओळखीचे एक होतकरू संशोधक बीडच्या ऊसतोड कामगारांवर प्रबंध लिहिताहेत. पहाटेपासून ऊस तोडून बाई कोपीवर परतली की हे प्रश्नावली घेऊन हजर. ‘आपल्या जीवनमानाबाबत आपण पूर्णतः समाधानी, समाधानी, तटस्थ, असमाधानी, की पूर्णतः असमाधानी?’ बाई चूल फुंकत म्हणाली, ‘बाबा, भाकर खातूस का?’ या उत्तराला कोड नव्हता. ते ‘इतर’मध्ये गेलं. भाकर मात्र खाल्ली.

मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. संशोधकाच्या तक्त्यात तेच दोन नमुने! स्त्री-पुरुष समानता बाईच्या वाट्याला आली ती अशी, परिशिष्टात.

उचलीचंही तसंच. प्रबंधात दुसऱ्याच्या मजकुराची उचल 10 टक्क्यांपर्यंत माफ असते. मुकादमाकडची आगाऊ उचल हंगाम सरला तरी फिटत नाही. तिथं टक्केवारी मोजायला सॉफ्टवेअर नाही.

शेवटच्या प्रकरणात निष्कर्ष आहे: ‘या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे.’ तेव्हा पुढच्या उमेदवारांनो, तोडणी दिवाळीच्या आसपास सुरू होते. येताना स्वतःचं पीठ आणा.