स्थापना 1865

दापोली तालुक्यातल्या आमच्या आगराच्या सातबाऱ्यावर बावीस नावं आहेत. त्यांत मी सोळावा. पुण्यात ऑफिसात मात्र मी 'आमचं घर' असं म्हणतो की बाकीचे एकवीस जण भाडेकरू वाटावेत.

गेल्या वैशाखात गोठ्याची कौलं परतताना एक माझ्या हाती आलं. पाठीवर उठावाच्या रोमन अक्षरांत 'बासेल मिशन' आणि खाली 1865. अंगावर मूठभर मांस चढलं. आठ दिवसांत सागवानी पाटी करून आणली, 'स्थापना 1865', आणि बेड्याशी ठोकली. काका काही बोलले नाहीत. काका बोलत नाहीत तेव्हा सावध व्हावं, हे मला पन्नाशीतही कळलेलं नाही.

मग ऑफिसातल्या चौघांना घेऊन गेलो. जांभ्याचा चिरा खाणीतून निघताना मऊ असतो, वारा लागला की कडक होतो, हे खळ्यात उभं राहून सांगितलं. तेवढं खरं होतं. माजघरातला अंधार थंडाव्यासाठी मुद्दाम राखलाय, असंही सांगितलं. बल्ब गेला होता. आगरात शिरून "या आजोबांच्या हातच्या पोफळी" म्हणालो. काकू शिंपणं करत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "त्या 'निसर्ग' वादळात गेल्या रे, 2020 च्या जूनमध्ये. या मी लावल्या." पोफळी माझ्या डोक्याएवढ्या होत्या. मला संशय यायला हरकत नव्हती.

अब्रू सावरायला मी गोठ्यावर चढलो. साल दाखवणं भाग होतं.

कौलावर पाय ठेवायचा तो वाशाच्या रेषेत, मध्ये नाही. गावातलं शेंबडं पोर हे जाणतं. मी मध्ये ठेवला. दोन कौलं, एक रीप आणि मी असे माळ्यावरच्या पेंढ्यात आलो, आणि माळा आम्हांला घेऊन गव्हाणीत. म्हशीनं मला हुंगलं आणि तोंड फिरवलं.

काका दारात आले. "लागलं नाही ना? मग ऐक. ते साल कारखान्याचं. मंगळुरात कारखाना निघाला तेव्हाचं. सगळ्या कौलांवर तेच असतं."

"पण कौलं तर जुनी..."

"जुनीच. पण आपली नव्हेत. तुझ्या आजोबांनी हर्णैच्या एका पडक्या वखारीची स्वस्तात उचलली. त्याआधी गोठ्यावर गवत होतं."

"मग पाटी लावताना का नाही बोललात?"

"सागवानी होती," काका म्हणाले. "म्हटलं, लागेल कशाला तरी."

सध्या ती पोफळींच्या पाटाला आड घालायला वापरतात. पाणी थेंबभर पुढं जात नाही, असं काकू सांगतात.