पुदिना, दालचिनी आणि रफार

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा-अपडेट थांबले, आणि विंडोज ११ ला जी टीपीएम २.० नावाची चिप लागते ती आमच्या म्हाताऱ्या संगणकाकडे नव्हती. पत्रिकाच जुळेना. मग एका रविवारी भाचा पेन ड्राइव्ह घेऊन आला आणि दोन चहांच्या मधल्या वेळात त्यानं लिनक्स मिंट बसवून दिलं. मिंट म्हणजे पुदिना, आणि त्याचा जो पडदा समोर दिसतो त्याचं नाव सिनॅमन, म्हणजे दालचिनी. हे ऐकून बायको आतूनच म्हणाली, “संगणक दुरुस्त करताय का चटणी कुटताय?” भाचा हसला. “मामा, घाबरू नका की. सगळं तेच आहे, फक्त जागा बदलल्यात.”

हे वाक्य मी गड्ड्याच्या जत्रेत दरवर्षी ऐकत आलोय. होम मैदानावर पाळणे तेच, दुकानं तीच. पण मागच्या वर्षीच्या आठवणीवर भिस्त ठेवून खेळण्यांकडे निघावं आणि पोचावं ते थेट मौत का कुआँसमोर. माझं तसंच झालं. फोटो उघडायला गेलो तर कॅल्क्युलेटर हात जोडून उभा. पण हे चुकणं डोळ्यांचं, आणि डोळे चार दिवसांत शहाणे झाले. बोटं काही ऐकेनात. वीसेक वर्षं मी जुन्या टाइपरायटरच्या वळणानं मराठी टंकत आलो. तिथं दिसेल तसं लिहायचं: ‘कि’ हवा तर आधी वेलांटी, मग क; रफार असेल तर अक्षर पुरं झाल्यावर शेवटी तो डोक्यावर ठेवायचा, घरातून निघताना टोपी घालावी तसा. आता इनस्क्रिप्ट कळफलक. इथं उच्चाराचा कायदा. आधी क, मग वेलांटी. आणि ती वेलांटी, उशिरा येऊनही, पाहुण्यासारखी पुढं जाऊन बसते. पहिले आठ दिवस माझ्या वेलांट्या रस्ता चुकलेल्या पोरांसारख्या भलत्याच अक्षरांना बिलगून उभ्या असायच्या.

अशातच एक जुनी फाइल उघडली. २००४ सालचं पत्र. वडिलांचा हात थरथरायचा म्हणून त्यांनी सांगितलं होतं आणि मी टंकलं होतं, भिवंडीला दिलेल्या बहिणीसाठी. पडद्यावर उमटलं ते मात्र इंग्रजी अक्षरांचं, डॉलरचं आणि स्वल्पविरामांचं भरताड. तो जुना फॉन्ट नव्या घरी आलाच नव्हता. त्या काळचे असले फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना चढवलेले मराठी मुखवटे. मुखवटा गेला की आतला सोंगाड्या उघडा.

मी ते भरताड बराच वेळ बघत बसलो. वडील साखर पेठेतल्या चादरीच्या कारखान्यात मागावर होते. शाळा सुटल्यावर डबा परत आणायला जायचो तेव्हा जॅकार्ड मागावर माळेसारखे ओवलेले पुठ्ठे फिरताना दिसायचे, नुसती भोकंच भोकं. एक पुठ्ठा हातात घेऊन विचारलं होतं, यात मोर कुठाय? खटखटाटात ओरडून ते म्हणाले होते, “मागावर चढव, मग दिसंल.” फ्रान्सच्या जॅकार्डनं १८०४ च्या सुमाराला काढलेली ही युक्ती बॅबेजनं आपल्या गणितयंत्रासाठी उचलली, आणि १८४३ मध्ये ॲडा लव्हलेसनं ते यंत्र बीजगणित कसं विणतं हे सांगताना याच मागाचा दाखला दिला. लिनक्स मिंटच्या २००६ मधल्या पहिल्या आवृत्तीचं नाव ॲडाच होतं, हे भाच्यानं सांगितलं तेव्हा मला उगाच आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

भाच्यानं पत्र युनिकोडच्या मागावर चढवलं. वडील दिसू लागले. ‘दोन चादरी पाठवल्या आहेत. मोर असलेली पोरांना, साधी पाव्हण्यांना. पाव्हणे रागावले तर मोराची त्यांना दे, पोरं रागावत नाहीत.’ चादरीच्या भावाबद्दल चार ओळी, पावसाबद्दल एक, माझ्याबद्दल एकही नाही. लिहून घेणारा समोरच बसला होता ना. रूपांतरात इथंतिथं धागे निसटले होते. शेवटी ‘अनेक आशीवाद’ आलं होतं.

विणताना एक तार तुटली तरी वडील माग थांबवायचे. मीही थांबलो. आधी र. मग त्याचा पाय मोडायचा. मग व. तो लंगडा र टुणकन उडी मारून व च्या डोक्यावर जाऊन बसला, आणि मी फाइल जतन केली.