आजोबा, पाय उचला!

केरीत आजोबा म्हटलं की आधी देव आठवतो. गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या या टोकाच्या गावात श्री आजोबांचं देऊळ आहे. बाकीचे, हाडामांसाचे आजोबा संध्याकाळी सोप्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून गुडघ्यांना निर्गुडीचं तेल चोळतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दुखण्याचा सविस्तर अहवाल देतात.

गंमत डोंगरापलीकडे आहे. हरमलला हिवाळ्यात परदेशी पाहुणे येतात आणि पैसे मोजून मांडी घालायला शिकतात. अय्यंगार पद्धतीचं योगकेंद्रही तिथे आहे. इकडे ज्यांना मांडी जन्मजात येत होती, त्यांनी ती मोडून केव्हाच खुर्ची धरली. लग्नाची पंगतसुद्धा टेबलावर चढली.

खुर्चीचं वावडं बी. के. एस. अय्यंगारांनाही नव्हतं. 1937 साली पुण्यात आलेल्या या गुरुजींनी लोखंडी घडीच्या खुर्चीची पाठ काढून टाकली आणि ताठरलेल्या माणसांना तिच्या आधारानं आसनं करायला लावली. जोडीला दोर, ठोकळे, लोड. लहानपणी मलेरिया, टायफॉइड आणि क्षयानं पोखरलेला हा माणूस 2014 साली गेला, तोही 95 वर्षं जगून. बेल्जियमच्या राणी एलिझाबेथ यांनी ऐंशी ओलांडल्यावर अय्यंगारांनी त्यांना शीर्षासन शिकवलं. मुकुट आधी उतरवून ठेवला असणार.

सोप्यावरचे आजोबा हे ऐकून हसतात. ‘‘तिका शेत खंय आशिल्लें?’’ मुद्दा बिनतोड वाटतो, पण तो अर्धाच खरा. वर्षानुवर्षं चिखलात वाकून लावणी करणं आणि डोक्यावर ओझी वाहणं हे श्रम झाले. त्यांनी गुडघे झिजतातही. व्यायामात भार बेतानं वाढवायचा असतो आणि स्नायूंना विसावाही द्यायचा असतो.

मग म्हापशाची वारी. फिजिओथेरपिस्टकडे गेलेल्या आजोबांना मशीन हवं असतं. तारा लावायच्या, गुदगुल्या होऊ द्यायच्या आणि जमल्यास डुलकी काढायची. फिजिओ मात्र गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून म्हणते, ‘‘दाबा, धरा, सोडा. घरी रोज करायचं.’’ एवढ्यासाठी दोन बसगाड्या बदलल्या? हो, एवढ्यासाठीच. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याला आधार मिळतो, आणि गुडघ्याच्या संधिवातात मशीनपेक्षा व्यायामाच्या बाजूनं पुरावा कितीतरी भक्कम आहे. अडचण इतकीच, की व्यायाम ज्याचा त्यालाच करावा लागतो. तेल निदान दुसऱ्याकडून चोळून घेता येतं. तसं चोळून घ्यायचं तर आता धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान आहे; 11 डिसेंबर 2022 रोजी त्याचं उद्घाटन झालं.

त्याच वर्षी ब्राझीलमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 51 ते 75 वयाच्या माणसांना एका पायावर दहा सेकंद उभं राहायला सांगितलं, तर साधारण पाचातल्या एकाला ते जमलं नाही. पुढच्या वर्षांत अशांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. तोल गेला म्हणून माणूस जातो असं यातून सिद्ध होत नाही. पण म्हातारपणी पडणं महाग पडतं, हे मोडलेल्या खुब्याला विचारावं. पासष्टीनंतर आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हींचा व्यायाम करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. केरीहून तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीत तोल सांभाळण्याचा सराव आपोआप होतो, आणि चालत चढणाऱ्याला तिकीटही नाही.

तेव्हा आजोबांनो, आजच ओट्याला हात टेकून एक पाय उचलून पाहा. चक्कर येत असेल किंवा गुडघा सुजला असेल, तर आधी डॉक्टर गाठा. आणि फिजिओनं दिलेला व्यायामाचा कागद तेलाच्या बाटलीखाली ठेवू नका, अक्षरं पुसली जातात.